तापीचा खण

पस्तीस वर्षं मी मुलांना शुद्धलेखन घातलं. 'खण' हा शब्द फळ्यावर लिहून विचारायचो, सांगा, अर्थ किती? पोरं सांगत. कपाटाचा खण, चोळीचा खण, घराचा खण, म्हणजे दोन खांबांमधली जागा. मी शाब्बास म्हणायचो आणि पुढच्या शब्दावर जायचो. त्या शब्दाशी माझं काय वैर आहे ते एकाही पोराला कळलं नाही. पोरांचं सोडा — कुणालाच कळलेलं नाही. बायकोला अर्धं ठाऊक आहे. उरलेलं अर्धं आज तुमच्यापाशी काढतो आहे. तुम्ही ना माझ्या गावचे, ना माझ्या भाऊबंदकीतले, म्हणून जमेल असं वाटतं. बघू.

तळोद्याला आमचं घर दोन खणांचं होतं. मातीच्या भिंती आणि वर धाबं — लाकडी कड्यांवर माती थापून केलेलं सपाट छप्पर, आमच्याकडे बहुतेकांचं तसंच. पुढच्या खणात आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिवणाचं यंत्र. मागच्या खणात चूल. उरलेल्या जागेत माणसं. आम्ही शिंपी. सातपुड्यातून बाजाराला उतरणाऱ्या बायकांच्या चोळ्या शिवण्यात आबांचा जन्म गेला. मी चार बुकं जास्त शिकून मास्तर झालो, आणि बदली झाल्यावर बायको अन् तीन पोरं घेऊन त्याच दोन खणांत परत आलो. तिथे तापी आधीपासून होतीच.

तापी माझी धाकटी बहीण. ब्राह्मणपुरीला दिली होती. नवऱ्याने दुसरी केली, हिला माहेरी आणून सोडली, आणि सोडचिठ्ठी काही देईना. कपाळाला कुंकू होतं, डोक्यावर घर नव्हतं. आबांनी तिला यंत्रावर बसवलं. तिची टीप आपल्यापेक्षा सरळ येते असं आबा चारचौघांत सांगत. ते ऐकून मला बरं वाटायचं का? — खरं सांगायचं ठरवलंय तर सांगतो. नाही वाटायचं. घरात शिकलेला मी, आणि कौतुक तिच्या टिपेचं.

घर वाढवायचं ठरलं ते माझ्यामुळेच. एका खणात सात माणसं झोपणार कशी? बाजूला रस्त्याला लागून आमची मोकळी जागा होती. आबांनी ती मोजली, तीही गळ्यातल्या फितीने. गवंड्याची दोरी त्यांना पटेना. चोळी बेतावी तसं त्यांनी घर बेतलं. तीन खण वाढवायचे. एक माझ्या संसाराला, एक आल्यागेल्याला आणि पोरांच्या अभ्यासाला, आणि रस्त्याकडचा तापीला. तिथेच तिचं यंत्र, तिथेच तिची चूल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, तापी त्या रिकाम्या जमिनीवर उभी राहून इकडून तिकडे सरकत होती. काय करतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, यंत्र कुठे ठेवलं म्हणजे डाव्या हाताने उजेड येईल ते बघते. भिंत नाही, छप्पर नाही, आणि ही उजेड बघते. मी हसलो.

पहिलं महायुद्ध चालू होतं. विटा, लाकूड, खिळे — सगळ्याला आग लागलेली. आमच्याकडे पैसे जमले होते ते एवढेच: वर धाबं घातलं तर तीन खण होणार, पत्रे घातले तर दोन. तिसरी वाट नव्हती. आबा म्हणाले, तीन खण आणि धाबं. बायकोला पत्रे हवे होते. धाब्यातून माती गळते, ताटात पडते, पावसाळ्यात विंचू पडतो — तिचंही खोटं नव्हतं. पण ते तिच्यावर ढकलू नका. मी पुष्कळ वर्षं ढकलून पाहिलं, तिथे ते राहत नाही. पत्रे मला हवे होते. बाजारपेठेतल्या मारवाड्याच्या घरावर पत्रे होते, कचेरीतल्या कारकुनाच्या घरावर पत्रे होते. मास्तराच्या घरावर का नसावेत? पावसात त्यांचा आवाज लांबवर जातो. तो आवाज लोकांनी ऐकावा असं मला वाटत होतं. इतकं हलकं कारण होतं ते. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मी पाय पसरले, आणि अंथरूण बहिणीचं ओढलं.

आबांसमोर वाद घालायची माझी छाती नव्हती. मी हो म्हणालो. पाया खणायचा त्याच आठवड्यात आबांना हिवताप भरला. आमच्या भागात तो दरसाल येतो आणि जातो. या खेपेला तो गेला नाही. अक्कलकुव्याहून काका आले. आबांचे धाकटे भाऊ, तेही शिंपीच. आमच्या बांधकामाचं त्यांना काही ठाऊक नव्हतं.

एका दुपारी आबांनी डोळे उघडले. तापी विहिरीवर गेली होती. काका उंबऱ्यात तंबाखू मळत बसले होते, मी उशाशी. आबा म्हणाले, "तापीले एक खन देजो." आम्ही बोलताना 'खण' म्हणत नाही, 'खन'च म्हणतो. काकांनी ते ऐकलं, मान हलवली. पुढे आबांचा आवाज बसला. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि आणखी काही बोलले. ते मी सांगतो — जरा थांबा, सांगतो.

दोन दिवसांनी आबा गेले.

तेराव्याला, गंधमुक्तीच्या दिवशी, सगळे सोयरे जमले. दुखवट्याचे आहेर झाले. कुणाला टोपी, कुणाला लुगडं. तेव्हा काकांना आठवलं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, जाता जाता भाऊच्या तोंडात तापीचं नाव होतं, तिला एक खण द्यायला सांगितलाय. मग अंगणात पडलेल्या विटांकडे त्यांची नजर गेली आणि ते माझ्याकडे वळले.

"कसाना खन रे? घरना का चोळीना?"

भला माणूस. सरळ विचारलं. बायका आत होत्या, दाराशी दाटीवाटीने बसलेल्या, तापीही त्यांच्यात. सगळे माझ्याकडे बघत होते. अशा वेळी माणूस विचार करतो का? लोक म्हणतात, तोंडून निघून गेलं. माझ्या तोंडून काही निघून गेलं नाही. मी विचार केला. पत्रे अजून दुकानातच होते, पण माझ्या डोक्यावर ते केव्हाच चढले होते. आणि शब्द इतका सोयीचा होता! शिंप्याचं घर आमचं. त्या घरात दिवसातून शंभरदा खण म्हणत, आणि शंभरही वेळा ते कापडच असे. कोण शंका घेणार?

"चोळीना, काका," मी म्हणालो.

कुणी शंका घेतली नाही. उलट काकांचे डोळे भरून आले. मरतानाही पोरीच्या चोळीचा विचार, असं म्हणून त्यांनी नाक शिंकरलं. मी स्वतः पेठेत जाऊन खण आणला, चांगला रेशीमकाठी, दुकानातला सगळ्यात भारी. त्यात मात्र हात आखडला नाही. नारळ घालून बायकोने तापीची ओटी भरली. तापीने खण कपाळाला लावला आणि माझ्या पाया पडली. धाकटी ना ती.

दोन खण उठले, वर पत्रे चढले. करीम गवंड्याला आबांनी तीन खणांचा अंदाज दिला होता. दोनच धर म्हटल्यावर त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि दोरी लावली. काम त्याने चोख केलं, पण पुढे दुरुस्तीला बोलावलं तर कधी आला नाही. जुन्या पुढच्या खणात माझी बैठक आली; यंत्राला जागा उरली नाही म्हणून ते नंदुरबारच्या एका शिंप्याला विकलं. तापी होती तशीच मागच्या खणात, चुलीशेजारी. आणि पत्र्यांचं म्हणाल — चैत्र लागला की त्यांच्याखाली बसवत नाही. तवा तापावा तसे तापतात. उन्हाळाभर आम्ही सगळे जुन्या धाब्याखाली जाऊन पडायचो, तापीच्या जागेत, आणि तिची वळकटी बाहेर जायची.

पाचसहा महिन्यांनी ती माझ्या नव्या खोलीची जमीन सारवत होती. मी खुर्चीवर वह्या तपासत होतो. हात न थांबवता, वर न बघता तिने विचारलं.

"भाऊ, आबा चोळीनाच खन म्हननात का?"

मी हो म्हणालो. वहीतल्या चुकीवर खूणही केली, म्हणजे मी कामात आहे असं दिसावं.

आता ते सांगतो. आबांनी मला जवळ बोलावलं तेव्हा त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. ते म्हणाले, "दार रस्ताकडे ठेवजो. तिले कोनाना घरमातून जावानं काम पडाले नको." — तिला कुणाच्या घरातून जायचं काम पडू नये. चोळीच्या खणाला दार असतं का हो? ऐकण्यात माझी चूक झाली नव्हती. मला काही दुहेरी कळलं नव्हतं. बायकोला वाटतं, मी ऐकलेल्या शब्दाचा सोयीचा अर्थ लावला. ते अर्धं. मी बापाचं शेवटचं वाक्य मधूनच तोडलं आणि दाराचा भाग गिळून टाकला, हे तिला माहीत नाही.

माझं 'हो' ऐकून तापीने पुढचा पट्टा सारवला. मग म्हणाली, "शेवटले आबाले बी मी पोरच वाटनू." मुलगीच वाटले, खणानारळाने बोळवण करायची. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. तिने ते स्वतःला समजावल्यासारखं म्हटलं.

मी खोटं बोलेन हे तिच्या डोक्यातच आलं नाही, समजतंय का तुम्हाला? ती माझ्यावर संशय घेऊन बोलली असती, भांडली असती, तर मी एक खण खाल्ला असता, एवढंच. पण तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि आबांवरचा काढून घेतला. तिच्यासाठी ज्यांनी घर बेतलं, ते आबा शेवटच्या घटकेला फिरले, असं तिने धरलं. तोवर तिच्या बोलण्यात आबा सारखे यायचे. आबा सुई अशी धरत, आबांना भाकर कडक लागे. त्या दिवसापासून तिने नाव टाकलं. पितृपक्षात पान वाढलं तेव्हा ती गोवऱ्या आणायला निघून गेली. मी गच्चून जेवलो.

वर्ष-दीड वर्षाने ती आपणहून ब्राह्मणपुरीला गेली, सवतीच्या घरी, तिची पोरं सांभाळायला. मी अडवलं नाही. अडवल्यासारखं केलं. कुणी विचारलं तर सांगायचो, शेवटी बाईचं घर ते सासरच. लोक माना हलवत. मास्तर म्हणतात म्हणजे बरोबरच असणार.

मधली वर्षं मी किती वेळा ब्राह्मणपुरीला गेलो असेन? दिवाळीला, लग्नकार्याला. प्रत्येक वेळी रस्त्यात ठरवायचो, आज सांगायचं. गाव दिसलं की वाटायचं, आता सांगून काय होणार, खण तर बांधला नाही. पण खणाचं कोण विचारत होतं? बाप परत द्यायचा होता, आणि त्याला ना वीट लागत होती ना पत्रा.

ती आजारी आहे असा निरोप आला तेव्हा मी गाडी जुंपून गेलो. ओसरीत पडली होती, हातापायाच्या काड्या झालेल्या. तळोद्याला चल म्हटलं तर नको म्हणाली. ओसरीत आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. तिने माझा हात धरला. काका, मावश्या, सगळ्यांनी तिला सांगितलं होतं म्हणे, की आबांचा जीव तुझ्यातच होता. तिच्या समाधानासाठी सांगत असत, असं तिला वाटे.

"समदा मले गोड बोलनात," ती म्हणाली. "तूच खरं सांगं, भाऊ." — तूच तेवढं खरं सांगितलंस.

मी काय केलं? शाळेला सुट्टी नाही, म्हणालो. सवतीच्या मुलीने गूळपाणी आणलं, ते घेतलं. गुळाचा खडा तोंडात विरघळेपर्यंत बसलो, कारण लगेच उठलं तर बरं दिसलं नसतं. मग गाडीत बसलो.

पौषात ती गेली. तिच्या लेखी आबा खोटे होते आणि मी खरा. ते फिरवायला माझं एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोललो नाही.