हँडलवरचे दोन डाग

विजेचे मीटर वाचायला येणारी बाई सायकलवरून येते, हे तिच्या उमेदीच्या काळात लोकांच्या पचनी पडत नव्हतं. त्यातून सायकल पुरुषी, मधे आडव्या दांडीची. थोरल्या भावाने टाकून दिलेली ती तिने उचलली, दांडीवर छोटी सीट बसवून घेतली, त्या सीटवर लेक बसवली आणि लोकांच्या नजरांना भीक न घालता निघाली. तेव्हापासून ती मीटरबाई. तिचं खरं नाव साहेबांनी निवृत्तीच्या निरोप समारंभात घेतलं, तेव्हा निम्म्या ऑफिसला, आता ही कोण, असा प्रश्न पडला होता.

आता तिचे गुडघे संपावर गेले होते आणि सायकल जिन्याखाली गंजत उभी होती. लेक दूरच्या शहरात नोकरीला. एक दिवस तिचा फोन आला. जावयाला जुन्या सायकलींचं खूळ लागलंय, त्याला ही सायकल हवीय, रविवारी सकाळी येते, दुपारी टेम्पो सांगितलाय, संध्याकाळच्या गाडीने परत.

"आणि आई, क्रोम जरा चकाचक करून ठेव. पण ओरखडे नको हं पाडूस."

मीटरबाईने बरं म्हटलं. सायकलीचं तिला फारसं वाटलं नाही. जिन्याखाली तरी ती काय करणार होती? तिला खुपली ती संध्याकाळची गाडी. गेल्या कित्येक भेटींत लेक रात्रीची राहिलीच नव्हती. यायची, फ्रीजमधलं शिळंपाकं फेकायची, औषधांच्या तारखा तपासायची आणि उभ्याउभ्या चहा पिऊन पळायची. मीटरबाईला एवढंच हवं होतं, की लेकीने एक रात्र राहावं. शेजारी अंथरूण घालावं आणि दिवा मालवल्यावर काहीबाही बोलत पडावं. हे सरळ सांगायला कोणी तिचं तोंड धरलं नव्हतं. पण मागून घेतलेला मुक्काम तिला नको होता. त्या बाबतीत बाई भलतीच मानी.

आदल्या दिवशी तिने सायकल बाहेर काढली, तसे वरच्या मजल्यावरचे काका खाली उतरले. काकांना न विचारता सल्ला द्यायची जुनी खोड. भांडी घासायची तारेची घासणी घ्या, म्हणाले, चुटकीसरशी काम तमाम. गंजाबरोबर क्रोमच्या मुलाम्याचंही तमाम होईल त्याचं काय, मीटरबाईने विचारलं. त्या घासणीने एकदा बारीक चरे पडले की त्यांत पाणी मुरतं आणि पुढच्या खेपेला गंज दुप्पट येतो, हे तिला सायकलवाल्याने केव्हाच शिकवलं होतं. काका वर गेले. जाताना "बघा बुवा" म्हणायला विसरले नाहीत.

तिचं काम निवांत चालायचं. आधी साबणाच्या पाण्याने सगळी धूळ धुऊन काढायची, कारण धुळीचा एक कण फडक्याखाली सापडला तरी तो रेघ ओढत जातो. मग डब्यातल्या पोळ्या गुंडाळायची फॉइल घ्यायची, तिचा बोळा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे झिजायची ती फॉइल झिजते, क्रोमला धक्का लागत नाही. थोड्या वेळात तपकिरी चिखल सुटतो, तो मऊ फडक्याने टिपायचा आणि पुन्हा बोळा ओला करायचा. जोर म्हणून लावायचा नाही. रिम झाल्या, ब्रेकचे दांडे झाले, घंटी झाली. सगळं कोरडं करून तिने तेलाचा पुसट हात फिरवला. घंटीत तिला स्वतःचं नाक भोपळ्याएवढं दिसलं आणि ती एकटीच हसली.

राहिले हँडलच्या मधोमध, दोन अंगांना दोन तांबूस डाग. चालवणाऱ्याचे हात रबरी मुठींवर असतात, मधे कोणी धरत नाही. तिथे धरायची ती लेक. शाळेच्या वाटेवर मोठा उतार होता. तो आला की पोरगी हँडल असं आवळायची की तिची बोटं पांढरी पडायची, आणि सारखी "आई, हळू" म्हणायची. तळवे घामाने चिंब. घामातलं मीठ क्रोम खातं, असं सायकलवाला सांगायचा. पुढे पोरगी मोठी झाली, छोटी सीट निघाली, आणि मग केव्हातरी नेमके त्या दोन जागी डाग उमटले. मीटरबाई बोळा घेऊन तिथवर गेली आणि थांबली. त्या छोट्या पोरीची तिला फार आठवण आली. मोठ्या लेकीला फोन तरी लावता येतो. या छोटीला कुठून बोलावणार? तिने बोळा बादलीत टाकला आणि डाग तसेच ठेवले.

रविवारी लेक आली. फ्रीज तपासून झाला, औषधं तपासून झाली, मग सायकलीची पाळी. एकही ओरखडा नाही म्हणून तिने आईचं तोंडभरून कौतुक केलं. मग ती हँडलपाशी वाकली.

"आई, हे मधलं राहिलं की."

मीटरबाईला सांगायचं होतं. अगदी तोंडाशी आलं होतं. पण तोवर लेकीने बादलीतला बोळा उचलून घासायलाही घेतलं होतं, तोंडाने ऑफिसातल्या गमती सांगत, हलक्या हाताने, आईने शिकवलं होतं तसं. एक डाग फडक्यावर गेला, मग दुसरा गेला.

"किती सोपं होतं," लेक म्हणाली. मग आईकडे निरखून बघत तिने विचारलं, "तुला हे दिसलंच नाही का गं?"

जिने उभा जन्म अंधाऱ्या बोळांत, कोळिष्टकांमागचे आकडे वाचण्यात घालवला, तिला हा प्रश्न. दुसऱ्या कोणी विचारला असता तर तिने त्याची खरडपट्टी काढली असती.

"नसेल दिसलं," ती म्हणाली.

लेकीचा चेहरा उतरला. कधीपासून, एका डोळ्याला की दोन्ही, आधी का बोलली नाहीस, अशी सरबत्ती सुरू झाली. मीटरबाई धड हो म्हणाली नाही, धड नाही म्हणाली नाही. टेम्पो आला आणि सायकल घेऊन गेला. लेक मात्र गेली नाही. तिने घरी फोन करून कळवलं, की उद्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते आणि दुपारच्या गाडीने निघते.

रात्री शेजारी अंथरूण पडलं. लेक खूप बोलली आणि बोलता बोलताच झोपली. एवढ्याने मन भरेल, असं मीटरबाईला वाटलं होतं. सकाळी चहा टाकताना तिला कळलं, की ते भरलेलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिला खुर्चीत बसवलं आणि समोर अक्षरांची पाटी उजळली. लेक दाराजवळ स्टुलावर बसली, पायाशी बॅग भरून तयार. सगळं वाचता आलं तर लगेच मोकळ्या व्हाल, डॉक्टरबाई म्हणाल्या. नाही आलं तर औषध घालून नीट तपासावं लागेल, त्यासाठी उद्या पुन्हा यायचं.

मीटरबाईने वरच्या ओळी घडाघडा वाचल्या. मग डॉक्टरबाईंची पट्टी शेवटच्या ओळीखाली आली. ती अक्षरं तिला लख्ख दिसत होती. त्यांच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत पाटी छापणाऱ्याचा पत्ता होता, तोही दिसत होता.

"ही ओळ, मावशी?"

"नाही बाई दिसत," मीटरबाई म्हणाली. "उद्या येतो आम्ही."