आवळलेला वण

कॅन्सरमुळं माझा डावा स्तन काढला तेव्हा चाळिशी नुकतीच ओलांडली होती. त्याच ऑपरेशनमध्ये मी सिलिकॉनचं इम्प्लांट बसवून घेतलं. तासगावात आमची द्राक्षबाग. नवरा फौजेतून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "तुझं शरीर, तू ठरव." पण थोरल्या नणंदेनं रहिमतपूरहून फोन केला, "ह्या वयात नखरं कशाला? लोक काय म्हणतील? जीव वाचला तेवढं लय न्हाई का?" मला आरशात पूर्वीसारखं दिसायचं होतं. ते कारण मला पुरेसं होतं.

केमो आणि रेडिएशन संपलं, केस परत आले. दुसऱ्या वर्षी बेदाण्याच्या शेडवर जाळीवर द्राक्षं पसरताना डावी बाजू ओढल्यासारखी वाटायला लागली. मग ती दगडासारखी कडक होऊन वर सरकली. कुशीवर वळता येईना. आजार परतला, असंच वाटलं.

नणंद तेव्हा माहेरी आली होती. माझा हात छातीवर गेलेला पाहून म्हणाली, "तवाच सांगितलं व्हतं. हौस केलीस, आता भोग."

मी नवऱ्याला म्हटलं, "गाडी काढा. सांगलीला जायचंय."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, स्कॅन केला. "कॅन्सर परतलेला नाही," त्या म्हणाल्या. मी तिथंच रडले. मग विचारलं, "मग हे काय आहे? मी क्रेट उचलले म्हणून झालं का?"

"नाही. बाहेरची वस्तू आत ठेवली की शरीर तिच्याभोवती वणाचा पातळ पापुद्रा धरतं. सगळ्यांचंच धरतं. काहींचा तो पापुद्रा जाड होतो आणि आवळत जातो. तुमचं इम्प्लांट मऊच आहे, भोवतीचा वण त्याला दाबतोय. रेडिएशननंतर हे जास्त होतं. तुमची काही चूक नाही."

बाईंनी तीन वाटा सांगितल्या. पापुद्रा काढून नवीन इम्प्लांट बसवता येईल, पण तो पुन्हा आवळू शकतो. पोटावरचं मांस घेऊन स्तन करता येईल, ते ऑपरेशन मोठं. नाहीतर सगळं काढून छाती सपाट ठेवायची. मी आठवडाभर विचार केला आणि सपाट ठेवायचं ठरवलं.

ऑपरेशननंतर नणंद भेटायला आली. खुर्चीत बसता बसता म्हणाली, "बघ, शेवटी माझंच खरं झालं."

"न्हाई, वन्सं," मी म्हटलं. "लोक काय म्हणतील म्हणून तुमी नको म्हणत हुता. मी दुखतंय म्हणून काढलं. बसवलं ते माझ्या मर्जीनं, काढलं तेबी माझ्याच."

ती माझ्या नवऱ्याकडं बघायला लागली. तो म्हणाला, "आक्का, ती बरोबर बोलतीया."

दुखणं थांबलं. हंगामात मी परत शेडवर गेले. मी ब्लाउजच्या आत काही भरत नाही. कुणी टक लावून पाहिलं तर मीही त्यांच्याकडं पाहत राहते.

परवा वस्तीवरची एक बाई दुपारी आली. तिनंही कॅन्सरनंतर असंच इम्प्लांट बसवून घेतलं होतं आणि ती बाजू कडक व्हायला लागली होती. नवऱ्याला सांगायची तिला लाज वाटत होती. मी तिला पापुद्र्याचं सगळं समजावून सांगायला लागले.

"आवं, हळू बोला," ती दाराकडं बघत म्हणाली. "बाहेर माणसं हायती."

"असू देत," मी म्हटलं, आणि आवाज खाली न आणता पुढं सांगत राहिले.