दहाव्याच्या ताटातली पावडर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हंजे बाज ताणली. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं दोरी ओढायची, दुसऱ्यानं ती तशीच दाबून धरायची — सुटली की पुन्हा पहिल्यापासून. मी ओढत होतो आणि आमची मंडळी, कौसाबाई, दोरी गुडघ्याखाली दाबून बसली होती. काम झालं तशी बाजेवर थाप मारून म्हणली, "आता तुमचं वजन शेळीएवढं राह्यलं. ही बाज पाच वर्सं ढिली होत न्हाई."

मी म्हणलं, "तुझं वजन धरलं का त्यात?"

"माझं कशाला धरता? मला झोपायला टाईम कुठंय तुमच्या चाकरीतून!"

मंग तिनं माझा पावडरचा गिलास घुसळून दिला, आपली भाकर फडक्यात बांधली आणि शेजारी शहनाजबीकडं जेवायला गेली. तिथंच गेली ती गेली. पहिला घास हातात होता. डॉक्टर म्हणले, हार्ट.

तुमच्या या सदरात लोक भुताखेताचं लिहितात. मी ते वाचून हसणारा माणूस. चौथी शिकलो, सारी उमर परतूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलली. ज्याला वजन हाये तेच खरं, बाकी हवा — असा माझा हिशोब. अंगात येणाऱ्या बायांना मी तोंडावर बोललेलो हाये. तवा हे लिहून राह्यलो ते कोणी इश्वास ठेवावा म्हणून न्हाई. मलाच उलगडत न्हाई म्हणून.

गाव आमचं वाटूर फाट्यापासून आत. पत्र्याचं घर, दोनच खोल्या. पुढं बसायची, मागं चुलीची. साल दोन हजारच्या पुढचं. घरोघर मोबाईल येऊ लागले होते.

मला शुगर निघाली ती पायाच्या अंगठ्यावरून. ठेच लागली, भरेना, काळी पडायला लागली. माझ्या थोरल्या भावाचं असंच झाल्तं. त्याचा पाय गुडघ्यापासून काढला. वर्षभर बाजेवर पडून भिंतीकडं बघत गेला. म्हणून कौसाबाईनं मला धरून जालन्याला नेलं. डॉक्टर तरणा होता, बाहेरून नवीन काईतरी शिकून आल्ता. त्यानं गोळ्या कमी केल्या आणि पावडरचे डबे समोर ठेवले. म्हणला, "काका, दोन-तीन महिने फक्त हे. पाण्यात मिसळून दिवसातून चार वेळा. दुसरं काही नाही. दर आठवड्याला मला दाखवायचं. नेटानं केलंत तर शुगर उतरेल, इंजेक्शनची वेळ येणार नाही, बोटही वाचेल."

मी म्हणलं, "डॉक्टरसाहेब, मी हमाल हाये. हे लेकराचं दूध पिऊन मी पोतं उचलू?"

मंडळी मधीच बोलली, "पोतं उचलू नका. मला पाय असलेला नवरा पाह्यजे, बस."

पहिल्या आठवड्यात आम्ही काय केलं ते ऐका. चार टाईम पावडर प्यालो आणि दोन टाईम भाकरही खाल्ली. डॉक्टरनं शुगर बघितली — होती तिथंच. विचारलं, काय काय खाल्लं? मी म्हणलं, "काईच न्हाई. फक्त भाकर." त्यानं कपाळाला हात लावला. कौसाबाई त्याच्याशीच भांडायला उठली — "आवं, पेलं म्हंजे प्यालं, जेवण कुठं झालं त्यात? उपासाला च्या चालतो का न्हाई?" आमच्याकडं असंच हाये. जे चावलं ते जेवण. दिवसभर कितीबी प्या, कोणी विचारलं तर माणूस सांगतो, सकाळपासून पोटात काई न्हाई. हे पेलेलंच जेवण हाये, हे तिच्या डोक्यात शिरायला डॉक्टरची अर्धी सकाळ गेली.

पण एकदा शिरलं ते शिरलं. घरात फोडणी द्यायची बंद झाली. वासानं माझा जीव जातो म्हणून ती आपल्या दोन भाकरी थापून शहनाजबीकडं नेऊन खायची. दोघी कडुनिंबाखाली बसायच्या. मी इकडं गिलास घेऊन. उन्हाळ्यात मला थंडी वाजायची, डोकं दुखायचं, सपनात पिठलं यायचं. मोंढ्यातल्या पोत्याच्या काट्यावर मी वजन करायचो. पोरं हसायची, "दादा, पोत्याचं वजन कापतो तसा व्यापाऱ्यानं तुमचाबी कडता कापला का?"

पोरानं, सुभाषनं, चाकणहून पावडर हालवायची बाटली पाठवली होती, आत गोळी असलेली. कौसाबाईनं ती दोनदा वाजवून बघितली आणि म्हणली, "खुळखुळा पाठवला बापाला." ती ताकाची हातरवी घ्यायची. गडव्यात पाणी, डब्यातल्या मापाच्या चमच्यानं पावडर — चमचा भरला की करंगळीनं वरून सपाट करायची — आणि दोन्ही तळहातात रवी फिरवायची. दोन बोटं फेस यायचा. वर चिमूटभर जिऱ्याची पूड टाकायची. डॉक्टरला सांगितलं न्हाई. "जिरं म्हंजे काई जेवण न्हाई," असं तिचं. फेस मात्र थांबायचा न्हाई. हातात गिलास घेऊन शिवी द्यायला जितका टाईम लागतो तितक्यात बसून जायचा.

मी एकदा माझ्या हातानं घुसळलं होतं. नुसत्या गाठी. ती बघून म्हणली, "तुमच्या हातचं चावून प्यावं लागंल. मंग डॉक्टरबी म्हणंल, जेवले."

अंगठा भरत आल्ता. शुगर उतरली होती. आणि ती गेली.

पुढं सांगायला काय हाये. घरात चूल पेटत न्हाई, भाऊबंद भाकऱ्या आणतात. दुखाच्या घरात आलेला घास नको म्हणायचा नसतो. आणि मलाही नको म्हणायचं नव्हतं. भात, वरण, भाकर, कोणी शिरा आणला तर शिरा — सगळं खाल्लं. डब्याला हात लावला न्हाई. सुभाष म्हणायचा, "बाबा, पावडर घ्या." मी म्हणायचो, "कोणासाठी? पाय असलेला नवरा जिला पाह्यजे होता ती गेली." अंगठा पुन्हा ओला झाला. मी त्याला फडकं बांधून धोतर खाली ओढून बसायचो. ते फक्त शहनाजबीनं वळखलं. म्हणली, "भाई, पाव दिखाव." मी म्हणलं, "तू तुझं काम कर." तेरव्याच्या बुंदीवर माझा डोळा होता. म्हणलं, पोटभर खायची, मंग व्हायचं ते होऊ दे.

दहाव्याला नदीवर गेलो. कावळा पटकन शिवला. सगळे म्हणले, बाईचं मागं काई राह्यलं न्हाई. मीही तेच म्हणलो.

आमच्यात दहाव्याच्या संध्याकाळी एक पद्धत हाये. ताटात पीठ पसरायचं, शेजारी दिवा लावायचा, ताटावर टोपली झाकायची आणि खोली बंद करायची. सकाळी टोपली काढून पिठात काय उमटलं ते बघायचं — चिमणीचं पाऊल, गाईचा खूर, नागाची रेघ. त्यावरून गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला ते कळतं म्हणतात. मी मानत न्हाई. पण माझी थोरली बहीण, जाफराबादची आक्का, हे सगळं तिच्याकडं. तिला कोण अडवणार?

आक्कानं चुलीच्या खोलीत ताट मांडलं. बाहेर येऊन म्हणली, "काय बारीक पीठ हाये रे कौसाचं! कोणत्या चक्कीचं?" कोणी ध्यान दिलं न्हाई. दाराला सुभाषनं वाटूरहून आणलेलं नवं कुलूप लावलं. एक किल्ली आक्कानं तिच्या चंचीत घातली, दुसरी तारेनं बांधून सुभाषच्या खिशात. खोलीला खिडकी न्हाई. वर एक झरोका हाये, त्यातून मांजर शिरत न्हाई. आक्का त्याच दाराला पाठ लावून झोपली. बाकी सगळे पुढच्या खोलीत आणि अंगणात.

सकाळी चांगलं उजाडल्यावर आक्कानं कुलूप काढलं. मी, सुभाष आणि पाणी घेऊन आलेली शहनाजबी मागं उभे.

दिवा विझला होता. चुलीपाशी, जिथं कौसाबाई माझा गिलास ठेवायची तिथंच, गिलास होता. भरलेला. वर दोन बोटं फेस — बसत चाललेला. बारीक चर्र आवाज येत होता त्याचा, बुडबुडे फुटायचा. खुंटीला रवी होती, तिच्यातून थेंब गळत होते. खाली माती ओली.

आक्काची नजर अधू. तिला गिलास दिसलाच न्हाई. ती सरळ ताटाकडं गेली आणि टोपली उचलली. पीठ सपाट, जसं पसरलं तसं. ना पाऊल ना खूर. फक्त मधोमध एक गोल खड्डा. आक्का डोळे बारीक करून वाकली. "ही कोणती योनी म्हणावी?"

शहनाजबी म्हणली, "आक्का, ये तो चमचे का निशान हाये."

मंग वास आला. बिस्किटासारखा. मी वळखला. आक्कानं बोट लावून जिभेला लावलं आणि घाबरली — "अगं बाई, हे गोड लागतंय!" गव्हाच्या पिठात किडे पडल्ते म्हणून सुनेनं ते गाईला घातलं होतं. आक्काला मोतीबिंदू. डब्यात पांढरं दिसलं, पीठ समजून तिनं माझी पावडर पसरली होती. ती रडायलाच लागली, "माझ्या हातून काय झालं रे! तिचा जन्म चुकला आता!"

"आक्का, चूप," मी म्हणलं. मी गिलासाकडं बघून राह्यल्तो. फेसावर जिऱ्याची पूड होती.

सुभाष चिडला. "कोणी केलं हे? असली मस्करी करतात का?" त्यानं खिशातली किल्ली काढून बघितली. तारेनं बांधलेली होती तशीच होती. शहनाजबीकडं बघितलं. ती म्हणली, "मेरे बच्चों की कसम. मी तर आत्ता तुझ्यासंगं आले."

आक्का म्हणली, "फेकून दे ते. गेलेल्या माणसाच्या हातचं पिऊ नये."

सुभाषनं हात पुढं केला तवा मी त्याचा हात धरला. "माझा हाये तो," म्हणलं. उभ्यानंच प्यालो. एकबी गाठ नव्हती.

नंतर मी लई डोकं चालवलं. घरच्या कोणी केलं म्हणावं तर जिऱ्याचं कोणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरपासून लपवलं तसं तिनं सुभाषपासूनही लपवलं होतं. शहनाजबीला मी तिच्या लेकरांच्या शपथेवर सोडून दिलं, मंग एकदा पुन्हा विचारलं — तिनं मला झाडू दाखवला. समजा कोणीतरी घुसळून ठेवलं, तरी फेस? दार उघडायच्या अगदी आधी घुसळल्याबिगर फेस राहत न्हाई. आणि दाराच्या आत तर कोणीच नव्हतं, बाहेर आक्का. डॉक्टरला सांगितलं तर तो हसला आणि म्हणला, "काका, प्यालात ना? मग झालं." शिकल्या-सवरल्या माणसांनी याचा काई उलगडा केला तर मला कळवा. मी भांडणार न्हाई. वजन करता येत न्हाई अशी ही एकच गोष्ट माझ्या उमरीत घडली. पाय मात्र दोन्ही जागेवर हायेत, तेवढं वजनाला धरा.

आता राह्यलं त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो आणि चुलीच्या खोलीचं दार ढकललं. खोटं कशाला बोलू, वाट बघतच उठल्तो. चुलीपाशी गिलास नव्हता. रवी खुंटीला, कोरडी. मंग रवी काढली, धुतली. डब्यातून चमचा भरला, करंगळीनं सपाट केला. गडव्यात टाकून दोन्ही हातांनी फिरवलं. पोती उचललेले हात, त्यांना हे जमत न्हाई. फेस आला न्हाई. नुसत्या गाठी.

बाजेवर येऊन बसलो आणि चावून प्यालो. मंग अंगठ्याचं फडकं सोडलं, सुभाषला हलवून उठवलं आणि म्हणलं, "चल, जालन्याची पहिली गाडी धरायचीय."