माईच्या हातच्या कुरडया

हे मी आजवर कुणाशी बोललेले नाही. नवऱ्याशीही नाही. त्याला माझ्या दुकानातलं एवढंच कळतं की शटर वर आहे की खाली. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझं गिऱ्हाईक नाही. आणि असलात तरी — असू द्या. वाचा.

पण आधी मला थोडं भांडू द्या. हे सांगायला बसले की मला राग येतो, आणि राग आला की मी मुद्दा सोडून दुसऱ्यांवरच घसरते. माझी ती सवयच आहे. आजही तसंच होणार आहे, सांभाळून घ्या.

अमरावतीत माझं छोटं दुकान आहे. कसलं, हे एका शब्दात सांगता येत नाही. दुसरीकडे सहज मिळत नाही ते माझ्याकडे मिळतं, असं म्हणा. मेळघाटातला मध, चारोळी, वाळवलेली अंबाडीची फुलं, जवसाची चटणी. लग्नसराईत बाशिंगं, मुंडावळ्या, रुखवतात मांडायला सुपारीचे नवरा-नवरी. भजनी मंडळांसाठी खंजिऱ्या. मोझरीच्या आश्रमात भजनाला जाणारे लोक वाट वाकडी करून त्या घ्यायला माझ्याकडे येतात. आणि उन्हाळा लागला की वाळवण : शेवया, सरगुंडे, मूगवड्या, कुरडया. खरं सांगायचं तर हे दुकान कुरडयांनी उभं केलं. बाकीचं सगळं त्यांच्या आजूबाजूला मांडलेलं आहे.

आता मला सांगा, खंजिरी घेताना त्यावरचं कातडं कुणी ताणलं हे कुणी विचारतं का? ते कातडं बोटांनी वाजवायचं, त्यावर भजन म्हणायचं, मंडळाच्या ट्रंकेत देवाच्या फोटोशेजारी ठेवायचं. कुणी विचारत नाही. बाशिंग कुणी बांधलं? विचारत नाहीत. डोक्यावर चढवतात आणि बोहल्यावर उभे राहतात. मध तर कुणाकुणाच्या हातांतून जंगलातून खाली येतो, तोही बोटाने चाटून बघतात. पण कुरडईचा पुडा हातात घेतला, की मान वाकडी करून, अगदी गोड आवाजात — "कोणाच्या हातच्या आहेत हो?"

काय करायचंय तुम्हाला? कढईत टाकली की फुलते ना? पांढरीशुभ्र होते ना? मग हात कोणता, हे कशाला? आणि वर पुन्हा म्हणायचं, "आपलं सहज विचारलं." मला या 'सहज'ची चीड आहे. सहज काही नसतं. आधी नाव विचारतात, मग आडनाव, मग गाव, आणि तेवढ्यावर भागलं नाही तर म्हणतात, "म्हणजे तुमच्यातल्याच का?" चांगल्या शिकलेल्या बायका. मुलं पुण्यात, परदेशात. तिथे ती काय खातात आणि कुणाच्या हातचं, हे आईला ठाऊक नाही. पण कुरडईचा हात मात्र ठाऊक हवा.

बघा, घसरलेच. मुद्द्यावर येते.

त्या कुरडया सुलोचनाकाकूंच्या हातच्या होत्या. सुलोचना तायडे, अकोला. माझे बाबा आणि त्यांचे यजमान एकाच सरकारी खात्यात होते. अकोल्याच्या क्वार्टरमध्ये आमची दारं समोरासमोर. आम्ही कुणबी, ते बौद्ध. त्यांच्याकडे भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आमच्याकडे देव्हारा, आणि मधल्या अंगणात आम्ही पोरं. मी त्यांच्या ताटात जेवले आहे. कुरडयांचा चीक शिजला की त्या मला 'वनू' अशी हाक मारून गरम चीक वाटीत देत, वर साखर आणि तूप. आईच्या हातचा तसा कधी झाला नाही. काकू पुढे नगरपालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्या. स्वभाव कडक, जीभ तिखट. शाळेतले मास्तर त्यांना घाबरून असत. मी दुकान काढलं तेव्हा त्यांनीच फोन केला, कुरडया मी पाठवते म्हणाल्या. पैशाची त्यांना गरज नव्हती. एकच म्हणाल्या, "पुडीवर नाव टाकशील माह्यं. लोकाईले कळू दे."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, खोटं कशाला बोलू.

आणि मग पहिल्याच उन्हाळ्यात तो प्रश्न आला. कॉलनीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्षीण बाई होत्या. त्यांनी पुडा उचलला आणि विचारलं, कोणाच्या हातच्या. माझ्या तोंडात 'सुलोचनाकाकू' आलं होतं — जिभेच्या टोकावर होतं. आणि मी म्हणाले, "माईंच्या. अचलपूरच्या आहेत."

कोण माई? कुठून आल्या? मला आजही माहीत नाही. पण आल्या त्या अशा पाय रोवून आल्या की काही विचारू नका. पुड्या छापायला दिल्या, तेव्हा छापखान्यातल्या माणसाने संगणकावर तयार चित्रं दाखवली. त्यात एक म्हातारी होती, नऊवारीतली, कपाळभर कुंकू, समोर चूल. मी म्हटलं, हीच. खाली छापलं : 'माईच्या हातच्या'. काकूंनी पुडी पाहिली आणि विचारलं, ही कोण? मी म्हटलं, काकू, ब्रँड आहे, शहरातल्या लोकांना असंच आवडतं, तुमचं नाव पुढच्या छपाईला मागच्या बाजूला टाकते. त्या हसल्या. म्हणाल्या, "माह्यी सासू दिसते." आणि विषय सोडला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी त्यांच्या वाटीतला चीक खाल्लेला होता.

पुढची छपाई झाली. त्याच्या पुढचीही झाली. मागची बाजू कोरीच राहिली.

इकडे काउंटरवर माई वाढत होत्या. गिऱ्हाईक विचारी, मी सांगे. माई पहाटे आंघोळ करून सोवळ्यात चीक शिजवतात. माईंच्या गच्चीवर वाळवणाला परक्याची सावली पडू देत नाहीत. हो, हे मी बोललेले आहे. सावली. माझ्या तोंडून. अकोल्यात काकूंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांबद्दल मी अमरावतीत हे बोलत होते, आणि समोरच्या बायका समाधानाने माना डोलवत होत्या. त्या मानांचा मला संताप येतो. पण ते शब्द त्यांनी मागितले नव्हते. मीच वाढून दिले होते.

काकूंचं येणंही मी बेताने बसवलं होतं. त्या दर हंगामात एसटीने स्वतः यायच्या, पत्र्याचे पिपे घेऊन, कारण कुरडया दुसऱ्या कुणावर सोपवल्या की भुगा होतो. मी म्हणायची, काकू, सकाळी दुकान उघडायच्या आधीच या, मग गर्दी होते, तुमच्याशी बोलता येत नाही. त्यांना वाटायचं, पोरीला माझ्याशी बोलायचं असतं.

मग महिला मंडळाने ठरवलं की माईंचा सत्कार करायचा. साडी, श्रीफळ, हार. अचलपूरला गाडी पाठवतो म्हणाल्या. मी आधी सांगितलं त्यांना प्रवास झेपत नाही. तर म्हणाल्या, आम्ही सगळ्याच तिकडे येतो, घरीच करू. साडी तर आणूनच दिली, माईंना रंग आवडेल ना बघा म्हणून. मी साडी ठेवून घेतली. नंतर नणंदेच्या घरच्या लग्नात नेसलेही. आणि सत्काराचं काय करायचं ते सुचेना, तेव्हा मी माईंना मारून टाकलं. संक्रांतीच्या आधी गेल्या, असं सांगितलं. बायका हळहळल्या. एकीचे तर डोळे भरून आले. आता त्यांच्या सुना करतात म्हटलं, आणि काय सांगू, त्या दिवसापासून कुरडयांची चव उतरली. हात तेच, गहू तेच, ऊन तेच. पण प्रत्येक जण म्हणायला लागला, माईंच्या हातची सर नाही हो. मी मान हलवायची. मला हसूसुद्धा आलं होतं, हेही लिहून ठेवते.

त्या उन्हाळ्यात काकूंची गाडी मूर्तिजापूरला बंद पडली. त्या पोचल्या तेव्हा दुकान भरात होतं आणि अध्यक्षीण बाई काउंटरशी उभ्या होत्या. काकूंनी पिपे खाली ठेवले, पदराने तोंड पुसलं. बाईंना वाटलं, कुणी गिऱ्हाईकच आलं. त्या आपल्या सवयीने सुरू झाल्या. म्हणाल्या, "तुम्ही कुरडया घ्यायला आल्या असाल, तर सांगते. आता पूर्वीची मजा नाही. माई गेल्या बिचाऱ्या. काय सोवळं होतं त्यांचं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या पुडीकडे. मुख्याध्यापिका होत्या, पोराची चोरी पकडायला त्यांना दप्तर उघडावं लागत नसे. त्यांनी बाईंना अगदी शांतपणे विचारलं, "कशानं गेल्या?"

बाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी तरी मी बोलायला हवं होतं की नाही? दोघी समोर उभ्या होत्या. एक वाक्य पुरलं असतं : याच त्या. याच करतात, पहिल्यापासून. मी म्हणाले, "झोपेतच गेल्या. हार्ट."

बाई पुडा घेऊन गेल्या. काकू स्टुलावर बसल्या. मी पाणी दिलं, ते त्या प्यायल्या. रागावतील, ओरडतील, असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही काही बोलले असते, रडले असते. त्या म्हणाल्या, "झोपेतच मारलं मले. बरं केलं, तरास नाई झाला." मग पिप्यांवरची फडकी सोडत, माझ्याकडे न बघता, "मारलं तं मारलं वनू. मराच्या वेळी तरी नाव माह्यं सांगाचं होतं."

पिपे त्या तिथेच ठेवून गेल्या. सुनांच्या हातच्या म्हणून विक, म्हणाल्या. आणि मी विकल्या. त्या हंगामातली शेवटची कुरडईसुद्धा विकली.

पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत. मी फोन केला नाही. अकोल्याला माहेरी जाते तेव्हा त्यांच्या गल्लीतून जात नाही. आता त्या फक्त घरच्यापुरत्या करतात, असं आईकडून कळलं. मी दुसरीकडून माल घेते. पुडीवर अजूनही म्हातारी आहे, कारण ती खपते.

इतकी वर्षं मी मनातल्या मनात त्या बायकांशी भांडत आले. स्वयंपाक करताना, दुकान झाडताना, मी त्यांना काय काय सुनावलं आहे. कसल्या तुमच्या साड्या, कसले सत्कार, कसली तुमची सोवळी. वर जे सगळं लिहिलं, ते मी स्वतःशी पाठ केलेलं आहे. मला वाटायचं, दोष त्यांचा, मी नुसती मध्ये सापडले. पण परवा एका नव्या सुनेने पुडा उचलून विचारलं, कोणाच्या हातच्या, आणि मी सवयीने तोंड उघडलं, आणि एक गोष्ट ध्यानात आली, ती काही केल्या जात नाही. आजवर एकाही बाईने काकूंच्या कुरडया नाकारलेल्या नाहीत. एकीनेही नाही. नाकारणार कशा? मी कुणाला नाव सांगितलंच नव्हतं.

अध्यक्षीण बाईंनी पुडा परत ठेवला असता का? ठेवला असता, कदाचित. मग तो दोष त्यांचा झाला असता आणि मी काकूंच्या बाजूने भांडले असते. किंवा त्या म्हणाल्या असत्या, अरे वा, अकोल्याच्या का, आणखी एक द्या. मला ते कधीच कळणार नाही. त्यांना 'नाही' म्हणायची वेळच मी येऊ दिली नाही. त्या सगळ्यांच्या वतीने मीच काकूंना नाही म्हटलं — दर वेळी, हसून, सुटे पैसे परत देता देता.