वाटणीचं माणूस

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. आबांनी सगळ्यांकडून तसं कबूल करून घेतलंय, "बाकावरचं बाकावरच ऱ्हाऊ द्यायचं." माझी त्यांना काळजी नव्हती, कारण मी तशीही बोलत नाही. हजेरीला "यस मॅडम" म्हणते तेसुद्धा मॅडमपर्यंत पोचत नाही. पण न बोलणाऱ्याकडे किस्से फार साठतात. बोलणारे लोक ते वाटेतच खर्च करून टाकतात. माझ्याकडचे आता मावेनासे झालेत, म्हणून सांगते. तुम्ही पुढे सांगू नका!

बाक म्हणजे शिरूरला आम्ही जातो त्या डायलिसिस सेंटरच्या बाहेरचा. आत चार मशिनी, बाहेर आम्ही चौघं. खुटबावचे आबा, त्यांचा दौंडला नंबर लागेना म्हणून ते बायकोला, म्हणजे अक्कांना, इतक्या लांब घेऊन येतात. गुड्डूभैया बिहारचा, रांजणगावच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, त्याचा मोठा भाऊ आत असतो. गायकवाडकाका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचे. आणि चौथी मी. मम्मीची सेकंड शिफ्ट आणि माझी शाळा सकाळची, म्हणून पप्पांबरोबर मी येते.

पप्पांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. मशीन चालू आहे तोवर पप्पा आहेत. हे मला नीट कळतं, पण ते मी कुणाशी बोलत नाही.

*

एका दुपारी एक मशीन बंद पडलं. रूथ सिस्टर बाहेर आल्या. "मेकॅनिक पुण्याहून निघालाय. आज तिघांचंच होईल. एकाला उद्यावर जावं लागेल. कुणाला, ते डॉक्टर रिपोर्ट बघून सांगतील."

सिस्टर आत गेल्या आणि बाकावरच्या सगळ्यांचे ओठ हलायला लागले. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. गुड्डूभैयानं डोळे मिटले. मी मनात घोकत होते, पप्पा नको, पप्पा नको. गायकवाडकाका तेवढे नुसते दाराकडे बघत होते.

गुड्डूभैयाच्या भावाला थांबवलं.

आबा मोठ्यानं म्हणाले, "नाथानं ऐकलं बाबा!"

गुड्डूभैया उठला. भावाला धरून गेटकडे चालायला लागला. भावाचे पाय इतके सुजले होते की चपलेत मावत नव्हते. आबा बघत राहिले. टोपी डोक्यावर घालायचीसुद्धा विसरले.

"गायकवाड," ते म्हणाले, "आपुन आत्ता काय मागितलं, कळलं का तुमाला?"

"मी काही मागितलं नाही, आबा."

"मी मागितलं. ह्या पोराच्या भावाला आत घिऊ नको, असं मागितलं. आन् ते देवाच्या तोंडावर!"

*

डायलिसिसच्या पुढच्या पाळीला आबांनी नियमच काढला. आपल्या माणसासाठी मागायचं नाही, शेजारच्याच्या माणसासाठी मागायचं. "अदलाबदल करू. म्हंजी कुणाचं वाईट चिंतायची सोयच न्हाई." शिवाय ज्याच्या वाटणीला जे माणूस, त्यानं त्याला बाहेर आल्यावर दारापासून गाडीपर्यंत हात द्यायचा. आतल्यांना मात्र काही कळू द्यायचं नाही. "त्यांना वाटंल, डॉक्टरनं हात टेकले म्हणून ह्यांनी देव धरला!"

गुड्डूभैयानं लगेच मान हलवली. अक्का त्याच्या वाटणीला, त्याचा भाऊ आबांच्या वाटणीला. मावशी माझ्या. आणि माझे पप्पा गायकवाडकाकांच्या वाटणीला.

काकांनी चष्मा काढून पुसला. "आबा, मी बौद्ध माणूस. आम्ही वंदना करतो, पण कुणाजवळ मागत नाही."

"मग कसं करायचं वो?"

"मी बसेन. सायलीचे पप्पा बाहेर येईपर्यंत जागचा उठणार नाही. एवढं नक्की करीन."

आबांना ते चाललं. मला नाही चाललं. घरी जाताना सगळी वाट मी खिडकीकडे तोंड करून बसले. सगळ्यांच्या वाटणीला देव आले आणि माझ्या पप्पांच्या वाटणीला नुसतं बसणं!

*

आबांना पहिली अडचण आली ती पत्त्याची. त्यांचा देव म्हणजे गावचा भैरवनाथ. जन्मभर त्याला खुटबावच्याच माणसांची नावं सांगितलेली. बिहारचा माणूस त्याला कसा कळणार! म्हणून आबांनी गुड्डूभैयाकडून सगळी माहिती विचारून घेतली आणि हात जोडून देवाला नीट समजावून सांगितली.

"नाथसाहेबा, मनोज नाव हाय त्याचं. रांजणगावला एमायडीसीत ऱ्हातो. पान्याच्या टाकीमागं पत्र्याच्या खोल्या हायत, त्यातली कडंची. निळं दार."

गुड्डूभैया कान देऊन ऐकत होता. शेवटी त्याला राहवेना. "आबा, भैया तो अंदर लेटा है! आप भगवान को रांजणगाव काहे भेज रहे हैं?"

आबांनी घाईघाईनं पुन्हा हात जोडले. "नाथा, थांब! शिरूरला ये, शिरूरला!"

*

अक्कांना लोणचं फार आवडतं आणि नेमकं तेच बंद, कारण मिठानं अंगात पाणी साठून वजन वाढतं. एकदा सिस्टरनी वजन केलं आणि दारातूनच ओरडल्या, "आबा, अक्कांनी काय खाल्लंय?"

आतून अक्का म्हणाल्या, "काय न्हाई वो. लोणच्याच्या दोन फोडी."

गुड्डूभैया ताडकन उठला. "हम इधर हाथ जोड़-जोड़के थक गए और अक्का उधर अचार खा रही हैं!"

बाकावर सगळे गार! दार उघडंच होतं. अक्का म्हणाल्या, "तू कशापायी हात जोडतुस रं?"

आबांना एकदम मोठा खोकला आला. "अगं, त्याला पर्मनंट व्हायचंय कंपनीत!"

"मग माझ्या लोणच्यानं कसं अडलं त्याचं? कंपनी काय माझी हाय व्हय?"

आबा खोकतच राहिले. पण त्या दिवसापासून अक्कांनी लोणचं सोडलं. आबांनी आयुष्यभर सांगून सुटलं नव्हतं. का सोडलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

*

रूथ सिस्टर केडगावच्या. रोज स्कूटीवरून येतात. मशीन लावताना त्यांचे ओठ सारखे हलतात. मला बरेच दिवस विचारायचं होतं. शेवटी एकदा धीर केला.

"सिस्टर, तुम्ही प्रार्थना म्हणता का?"

"छे गं! मी प्रेशरचे आकडे म्हणते, विसरू नये म्हणून. प्रार्थना सकाळी घरून निघताना करते. इथं आल्यावर हात कुठं रिकामे असतात जोडायला?"

मग मी खरा प्रश्न विचारला. इतक्या हळू विचारला की त्यांना वाकावं लागलं. "तिचा उपयोग होतो?"

सिस्टर थांबल्या. काचेतून आतले चारी पलंग बघितले. इथून कुणी बरं होऊन जात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

"खरं सांगू? न करता मी कधी आलेच नाही. त्यामुळे फरक मला सांगता येत नाही!"

*

एकदा आतले सगळे मशीनवर असताना लाइट गेली. जनरेटर सुरू होईना. सिस्टरनी दार उघडून हाक मारली, "चौघंही हात धुवा आणि आत या! पळा!"

मशिनीच्या पंपाला एक छोटं हँडल लावता येतं. लाइट नसली तर ते हातानं फिरवायचं, नाहीतर नळीतलं रक्त तिथंच थांबतं. सिस्टरनी एकेकाच्या हातात हँडल दिलं. "फार जोरात नको, फार हळू नको. थांबायचं तर नाहीच. सगळे एका तालात!"

ताल म्हटल्यावर आबांनी सुरू केलं, "नाथसाहेबाच्या नावानं..." आणि गुड्डूभैया म्हणाला, "चांगभलं!" एका चांगभल्याला एक फेरा. मीसुद्धा म्हणत होते, तेही मोठ्यानं. पप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांनी माझा आवाज इतका मोठा कधी ऐकला नसेल.

आणि नळीतून पप्पांचं रक्त चाललं होतं. माझ्या हातानं! मी फिरवेन तसं जात होतं आणि परत त्यांच्याकडेच येत होतं. नळीला बोट लागलं तर ती कोमट होती. ते मला अजून कुणाला सांगता येत नाही. शब्द कमी पडतात.

लाइट आली. सगळे घामानं भिजलेले. आबा बाहेर येऊन हसायला लागले. "गायकवाड, लपवू नका! तुमच्या तोंडून चांगभलं ऐकलं मी, ह्या दोन कानांनी!"

काका खांदा चोळत होते. "तालासाठी म्हटलं, आबा. हात चुकला असता."

आबा म्हणाले, "आमी तरी दुसरं कशापायी म्हंतो?"

*

मावशी गेल्या. इथं नाही, घरी, एका पहाटे झोपेत.

त्या माझ्या वाटणीला होत्या. मी एकही पाळी चुकवली नव्हती. परीक्षेच्या दिवशीसुद्धा पेपर देऊन आले आणि आधी त्यांच्यासाठी मागितलं. मला वाटलं, माझं मागणंच कच्चं असणार. मनातसुद्धा माझा आवाज लहानच असणार. काका आता परत भेटणार नाहीत, याचं वाईट वाटत होतं आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटत होतं. त्यांना काय तोंड दाखवलं असतं?

बाकावरची त्यांची जागा कुणी घेऊ नये म्हणून आबा तिथं आपली टोपी ठेवायचे. पप्पांना गाडीपर्यंत गुड्डूभैया हात द्यायचा.

मग एका दुपारी काका आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नेहमीची पिशवी. आबांची टोपी उचलून त्यांच्या हातात दिली आणि आपल्या जागेवर बसले. आबा सरकून बसले. ते म्हणाले, "गायकवाड, आता तुमी कशाला तरास घेतला? घरी पडायचं, आराम करायचा."

काका दाराकडे बघत म्हणाले, "माझ्या वाटणीचं माणूस अजून आत आहे, आबा."

गुड्डूभैयानं तोंड दुसरीकडे फिरवलं. आबा टोपी हातात फिरवत राहिले. मग मी बोलले. बाकावर सगळ्यांसमोर कुणी न विचारता मी बोलायची ही पहिलीच वेळ.

"काका, मी मागत होते. दर वेळी मागत होते."

"माहीत आहे. तिलाही माहीत होतं."

"मावशींना? त्यांना कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तिचा पलंग दारापाशी होता ना. काचेतून तुझे ओठ दिसायचे तिला. सुई टोचायची तिला फार भीती. सिस्टर सुई घेऊन उभ्या राहिल्या की ही म्हणायची, थांबा जरा. आणि तुझ्याकडं बघत बसायची. मग म्हणायची, पोरगी सुरू झाली, आता टोचा."

तेव्हापासून काका प्रत्येक पाळीला येतात. हे मी लिहितेय तेही बाकावर बसूनच, ते माझ्या शेजारीच आहेत, दाराकडे बघतायत. त्यांचं आत आता कुणी नाही. तरी अदलाबदल म्हटली की मलाही कुणासाठी तरी मागावंच लागतं. कुणासाठी मागते ते सांगणार नाही, कारण आबा म्हणतात, बाकावरचं...

दार उघडलं. सिस्टर हाक मारतायत, "सायली, झालं बघ पप्पांचं!" मी पेनाचं टोपण शोधेपर्यंत काका उठलेसुद्धा, पप्पा दारात उभे आहेत, काकांनी हात पुढे केलाय आणि...