डाव्या कडेचे मास्तर

"कडंनं! आवं, कडंनं जावा!"

वडूजच्या मैदानाजवळून तुम्ही कधी गेला असाल, तर मास्तरांची ही आरोळी ऐकली असेल. एकदा मी डोक्यावर पिठाचा डबा घेऊन मैदान ओलांडत होते, तर मलाही तेच. "आक्का, मधी गर्दी असती. कडंला मोकळं रान असतंय." मैदानात त्या वेळी आम्ही दोघंच होतो!

मास्तर पलटणीच्या फुटबॉल संघात डाव्या कडेनं खेळायचे. निवृत्त झाले आणि आमच्या शाळेच्या मुलींना शिकवू लागले. माझं घर मैदानाला लागून, म्हणून चेंडू आणि फक्कीचं पोतं माझ्या पडवीत. त्या फक्कीनं ते स्वतः रेघ आखायचे आणि मग तिच्यावरूनच पळत राहायचे. एका जागी उभं राहून शिकवणं काही त्यांना जमलं नाही.

"अहो मास्तर, खेळतंय कोण? पोरी का तुम्ही?"

"पायाला कळत न्हाई, आक्का. त्याला वाटतंय अजून मीच हाय."

पोरींच्या घरच्यांनी मात्र अट घातली होती. सांगलीच्या स्पर्धेत पहिला सामना जिंकला तर खेळ पुढे, नाहीतर बंद. भाकरी-ठेचा बांधून मीही टेम्पोतून गेले.

सामना बरोबरीत, वेळ संपत आलेली. आमची डावीकडची पोरगी चेंडू घेऊन सुटली, आणि रेघेबाहेरून तिच्या जोडीनं मास्तर. तिच्या पायातून चेंडू निसटला. तो बाहेर जाणार, तेवढ्यात मास्तरांनी आत पाय घालून असा टोलवला म्हणून सांगू, थेट गोलापुढे! एकीनं डोक्यानं आत घातला. आम्ही सगळ्या नाचलो.

पंचांनी गोल रद्द केला आणि मास्तरांना लाल कार्ड दाखवलं.

ती पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, आमाला बी खेळू द्या की जरा!"

मास्तर मुकाट्यानं गेटाबाहेर. मी मागोमाग. ते गजांकडे पाठ करून उभे राहिले. "मला बघवत न्हाई. तुमी सांगा."

मला त्या खेळातलं काय कळतंय? "एक पळतेय."

"आपली?"

"धुळीनं सगळ्या एकाच रंगाच्या झाल्यात हो! थांबा... एकटीच पुढं गेली. मारला! आत गेला!"

"कुणी मारला? आवं आक्का, कुणी?"

"वळू तर द्या तिला!"

ती वळली. आमचीच होती, तीच मघाची. मी सांगितलं, तसे मास्तर होते तिथंच मातीत बसले आणि लहान पोरासारखे हसत सुटले.

लाल कार्डवाल्याला काही आत सोडेनात. मग सामना जिंकून पोरीच बाहेर आल्या आणि संघाचा फोटो गेटापाशी काढला.

हल्ली मास्तर आटपाडीला नव्या पोरींना पळवतात. इथे शाळेत तो फोटो आहे. सगळ्या पोरी समोर बघून हसताहेत. मास्तरांचा कान तेवढा दिसतो. आत पुढचा सामना सुरू झाला होता आणि त्यांचं तोंड गजांच्या फटीत होतं.