बाणावरची लाल टिकली

आमच्या मेट्रो स्टेशनवर तो रोज सकाळी दिसायचा, पण गाडीत चढताना मी त्याला कधीच पाहिलं नाही. वय साठीचं, कडक इस्त्रीचा शर्ट. पाट्या वाचायचा, बाण दाखवेल तिकडे जायचा, नळ सोडून बघायचा, लिफ्टचं बटण दाबून तिच्याकडे बराच वेळ बघत राहायचा आणि आत न जाताच फिरायचा. मग इकडंतिकडं बघून कुठंतरी एक लाल कागदी टिकली चिकटवायचा.

मला संशय आला. एकदा हटकलंच. "काका, हे काय चाललंय?"

"तपासतोय, राव. लिहिल्यालं समदं खरं असतं व्हय?"

हे तर मला आणखीच खटकलं. मी गार्डला सांगितलं आणि त्यानं टिकल्या खरवडून काढल्या.

दुसऱ्या दिवशी बरोबर आई होती. तिचे गुडघे दुखतात. लिफ्टचा बाण बघत आम्ही पार पलीकडच्या टोकाला गेलो, तर लिफ्ट बंद. आई तिथंच फरशीवर बसली.

तो शेजारीच उभा होता. "कंपनीत क्वालिटीला हुतो मी. खराब मालाला लाल खूण केली की पुढचा फसत न्हाई. लिफ्टच्या बाणाला पण लावली हुती, कुनीतरी काढली. तुमी बघितलं का?"

"नाही हो, काका."

लिफ्टचं बटण दाबल्यावर बघायचा, तसा तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.